केळीचे सोपट, हातांचे श्रम आणि अंगावरचे वस्त्र

जून महिन्यात आपल्या वसतिगृहात नवी मुले दाखल होतात. पत्र्याच्या पेट्या उघडल्या जातात, कपड्यांची मोजणी होते आणि प्रत्येक कपड्यावर पक्क्या शाईने क्रमांक घातला जातो. काही वर्षांपूर्वी या कामात मदतीला म्हणून मी बसलो होतो. रावेर तालुक्यातून आलेल्या एका मुलाच्या पेटीतील दोन्ही सदऱ्यांवर तपकिरी-काळे डाग होते. वडिलांचे जुने सदरे आईने त्याच्या मापाचे करून दिलेले दिसत होते. "कपडे धुऊन का आणले नाहीस?" असे मी जरा कठोरपणेच विचारले. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "सर, धुतलेले आहेत. तो मळ नाही, केळीचा चीक आहे. तो जात नसतो."

त्याचे आईवडील केळीच्या बागेत घड कापणारे आणि वाहणारे मजूर होते. इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेऊन वर्षानुवर्षे वर्गात श्रमिकांचा इतिहास सांगणाऱ्या मला श्रमाचा डाग आणि मळ यांतील फरक ओळखता आला नाही, याची त्या दिवशी लाज वाटली. त्या लाजेतून थोडा अभ्यास घडला. चिकातील टॅनिनसारखी द्रव्ये हवेशी संयोग पावून काळी पडतात आणि कापसाच्या तंतूला घट्ट धरून बसतात, हे विज्ञानशिक्षकांनी समजावून दिले. पुढे वाचनात असे आले की, ज्या खोडाचा चीक कापड कायमचे खराब करतो, त्याच खोडातून कापड विणताही येते.

प्रस्तुत लेख हा त्या अभ्यासाचा सारांश होय. यात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. शेतात टाकून दिलेल्या खोडातून धागा कसा निघतो? असा धागा काढण्याचे ज्ञान आपल्या समाजात पूर्वी कोणाच्या हाती होते? आणि उद्या या कचऱ्याला मोल आले, तर ते मोल कोणाच्या पदरात पडेल? तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परंतु पहिल्या दोहोंशिवाय त्याचे उत्तर सापडत नाही.

शेतातील 'कचरा'

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल व चोपडा हे तापीकाठचे तालुके केळीसाठी देशभर ओळखले जातात. 'जळगाव केळी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुणेकरांना केळीची बाग पाहण्यासाठी इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातील इंदापूर आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील करमाळा या तालुक्यांत उजनीच्या पाण्यावर केळी मोठ्या प्रमाणावर होते.

केळीला आपण झाड म्हणतो, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते झाड नव्हे. तिचे खरे खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. जमिनीवर जो खांबासारखा भाग दिसतो, तो पानांच्या देठांचे रुंद तळ एकावर एक घट्ट गुंडाळून तयार झालेला असतो. या प्रत्येक थराला आपण सोपट म्हणतो. केळीला आयुष्यात एकच घड येतो. घड कापला की त्या खोडाचे काम संपते आणि कंदाला फुटलेले पील पुढचे पीक देते. जुने खोड मात्र शेतातून हलवावेच लागते.

हे ओझे थोडेथोडके नसते. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर लागवड केल्यास एका हेक्टरात सुमारे ४,४०० झाडे बसतात आणि त्यांची खोडे मिळून साधारण ६० ते ८० टन भरतात. खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असल्यामुळे ते सहज जळत नाही, जड असल्यामुळे दूर नेणे परवडत नाही. मग ते बांधावर, ओढ्यात किंवा रस्त्याच्या कडेला पडते आणि कुजते. ते कापून, ओढून, बाहेर टाकण्याचे काम मजुरांचे असते. त्या मजुराच्या अंगावरचा सदरा आपण लेखाच्या आरंभी पाहिलाच आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शेतातील प्रत्येक टाकाऊ वस्तूचे कापड होत नाही. उसाच्या चिपाडातील तंतू आखूड असतात, त्यामुळे ते कागदाला उपयोगी पडतात. साखर कारखान्यांत ते बॉयलरमध्ये इंधन म्हणून जळतात, म्हणजे ते खऱ्या अर्थाने टाकाऊही राहिलेले नाहीत. विदर्भात कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्यांपासून दाबून फळ्या बनवता येतात. कापडासाठी लांब, चिवट आणि वाकवता येणारा तंतू लागतो. तो केळीच्या सोपटात असतो, अननसाच्या पानात असतो, अंबाडीच्या सालीत असतो. विदर्भात ज्या जवसाचे बी तेलासाठी ठेवून काड टाकून देतात, त्याच जवसाच्या तंतुप्रधान वाणांपासून जगभर लिनन विणले जाते.

सोपटापासून सुतापर्यंत

आम्ही एका वर्षी इंदापूर तालुक्यातील बागेतून काही खोडे आणून शाळेच्या अंगणात धागा काढून पाहिला. पुस्तकात एका परिच्छेदात संपणारी कृती प्रत्यक्षात तीन दिवस चालली. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला टप्पा सोपट सोडवण्याचा. घड उतरल्यानंतर शक्यतो एक-दोन दिवसांतच खोड हाताळावे लागते. ते फार सुकले तर गर चिकटून बसतो, आणि कुजू लागले तर तंतू काळवंडतो व कमजोर होतो. बाहेरच्या सोपटातून राठ, मधल्यातून मजबूत आणि आतल्यातून मऊ, चमकदार धागा निघतो. म्हणून प्रत्येक थर वेगळा ठेवतात.

दुसरा टप्पा खरवडण्याचा. सोपटाच्या दोन-तीन इंच रुंद पट्ट्या फाडून त्या फळीवर ठेवतात आणि बोथट पात्याने गर खरवडून काढतात. पात्याला धार असेल तर तंतू तुटतो, अगदीच बोथट असेल तर गर राहतो. आमच्या मुलांचे पहिले दोन तास हे समजण्यातच गेले. यंत्राने हे काम करायचे झाल्यास फिरत्या पिंपावर बसवलेल्या पट्ट्यांसमोर सोपट अर्धे आत सरकवतात, ओढून घेतात, मग उलटे करून दुसरे टोक सरकवतात. काम वेगाने होते, पण हात पिंपाजवळ जातो. म्हणून यंत्राला संरक्षक जाळी असणे आणि कामगाराला शिक्षण मिळणे या सोयी नव्हेत, अटी आहेत.

तिसरा टप्पा धुण्याचा, सावलीत वाळवण्याचा आणि विंचरण्याचा. येथे खोडाच्या वजनाचा खरा हिशेब कळतो. ताज्या खोडाच्या वजनाच्या साधारण एक टक्का एवढाच कोरडा धागा हाती येतो. टनभर खोडातून दहा किलो! आमच्या अंगणातील एवढ्या मोठ्या राशीतून ओंजळभर सोनेरी केस उरले, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, बाकीचे कुठे गेले?" बाकीचे पाणी आणि गर होते. तेही वाया घालवायचे नसते. गराचे गांडूळखत होते, आणि खोडातील पाण्यापासून द्रवरूप सेंद्रिय खत तयार करण्याची पद्धत नवसारी कृषी विद्यापीठाने विकसित केली आहे. केवळ धाग्यावर हा व्यवसाय उभा राहणे कठीण असते, तो पाणी, गर व धागा या तिन्हींवर उभा राहतो.

चौथा टप्पा सर्वांत अवघड, तो सुताचा. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीवर उगवलेली एकच पेशी असते आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. केळीचा तंतू अनेक पेशी एकमेकींना चिकटून बनलेला असतो. त्यात सेल्युलोज सुमारे साठ टक्के, आणि उरलेल्यात लिग्निन, पेक्टिन आदी चिकट व कठीण द्रव्ये. म्हणून तो चिवट असला तरी ताठ असतो आणि कापसाच्या चात्यांवर तसाच कातता येत नाही. त्यावर तीन उपाय आहेत. एक, लांब धागे हाताने टोकाला टोक गाठून विणणे. दोन, अल्कलीच्या किंवा विकरांच्या साहाय्याने चिकट द्रव्ये काढून, तंतू आखूड कापून तो कापसात मिसळणे. तीन, ताणा कापसाचा ठेवून बाणा केळीच्या धाग्याचा घालणे. हातमागावर हा तिसरा मार्ग सर्वांत सोपा ठरतो.

वाख वळणारे हात

अंगणात हा उद्योग चालू असताना आपल्या भोजनगृहात काम करणाऱ्या एक मावशी पदराला हात पुसत आल्या. त्यांनी त्या धाग्यांची एक बट उचलली, बोटांनी चोळली आणि म्हणाल्या, "हा तर वाख. आमच्यात घायपाताचा काढायचे." मग त्या खाली बसल्या, मांडीवर तळहाताने दोन पेड वळले, ते एकमेकांत गुंतवले आणि बघता बघता हातभर दोरी तयार केली. मुलांना तीन दिवसांत जे साधले नव्हते, ते त्यांनी काही क्षणांत केले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सर, आमच्या बापाने जन्मभर हेच केलं, म्हणून आम्हाला शाळा दिसली नाही. आता शाळेतल्या पोरांना हेच शिकवताय व्हय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ तत्काळ उत्तर नव्हते. त्याचे उत्तर शोधण्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते.

महाराष्ट्राच्या खेड्यांत यंत्रयुगापूर्वी शेतीचे पान दोराशिवाय हलत नसे. मोटेचा नाडा, बैलाचा कासरा, गाईचे दावे, शिंके, सोल, चऱ्हाट हे सर्व वाखाचे असे. शेताच्या कडेने अंबाडी पेरली जाई. ती कापून दहा-पंधरा दिवस पाण्यात कुजवायची, मग त्या दुर्गंधीयुक्त पाण्यात उभे राहून साल सोडवायची, धुवायची, वाळवायची. घायपात किंवा केकताडाची काटेरी पाने ठेचून त्यांचाही वाख काढला जाई. हे काम प्रामुख्याने मातंग समाजाकडे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे, त्यातून या व्यवस्थेचे स्वरूप समजते. काम वंशपरंपरेने ठरलेले, मोबदला खळ्यावर दुसऱ्याच्या मर्जीने मिळणारा, आणि काम नाकारण्याची मुभा नाही.

आधुनिक वस्त्रतंत्राच्या भाषेत सांगायचे तर पाण्यात साल कुजवणे म्हणजे सूक्ष्म जीवांच्या साहाय्याने पेक्टिन विरघळवणे. आज प्रयोगशाळेत विकरे वापरून जे साधतात, तेच आपल्या पूर्वजांनी डोहाच्या पाण्यात साधले. पाणी किती दिवसांनी बदलावे, साल केव्हा सुटते, केव्हा सडून वाया जाते, हे सर्व त्यांना ठाऊक होते. परंतु ज्याला हे ज्ञान होते त्याला अक्षर नाकारले गेले आणि ज्याला अक्षर होते त्याने या ज्ञानाला ज्ञान मानले नाही. परिणामी हे शास्त्र कोणी लिहून ठेवले नाही.

आपल्याच पुण्यात या अन्यायाला पहिला लेखी जाब विचारला गेला, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीमाई यांच्या शाळेत शिकलेली, मातंग समाजात जन्मलेली मुक्ता साळवे हिने वयाच्या चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. दोर वळणाऱ्यांच्या घरातील मुलीच्या हातात लेखणी आली, आणि तिने सर्वप्रथम आपल्या माणसांच्या हालांचा हिशेब मांडला.

महार समाजाचा वस्त्राशी असलेला संबंधही फारसा सांगितला जात नाही. नागपूर-विदर्भ भागात जाडेभरडे कापड विणणे हा महारांतील अनेक कुटुंबांचा व्यवसाय होता. गिरण्यांचे स्वस्त कापड बाजारात आले आणि ते हातमाग हळूहळू थंडावले. कामाच्या शोधात माणसे गिरणीच्या दारात गेली. तेथे काय घडले, ते पुढे येईलच.

तथागतांच्या संघातील वस्त्रविचार

त्यापूर्वी एका फार जुन्या साक्षीकडे वळू. टाकून दिलेल्या वस्तूतून वस्त्र ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. विनयपिटकात भिक्खूंसाठी सहा प्रकारच्या वस्त्रांना अनुमती दिलेली आढळते. खोम म्हणजे जवसाच्या तंतूंचे, कप्पासिक म्हणजे कापसाचे, कोसेय्य म्हणजे रेशमाचे, कंबल म्हणजे लोकरीचे, साण म्हणजे सणाचे, आणि भंग म्हणजे भांगेच्या जातीच्या तंतूंचे किंवा काहींच्या मते मिश्र धाग्यांचे. सहापैकी निदान तीन सालीच्या तंतूंची आहेत. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी या देशात कापसाबरोबरच सालीचे कापड सर्रास वापरात होते.

आरंभीच्या काळात भिक्खू उकिरड्यावर व स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून चीवर करीत. त्याला पांसुकूल म्हणतात. पुढे वैद्य जीवकाने दिलेल्या वस्त्राच्या निमित्ताने गृहस्थांकडून वस्त्र स्वीकारण्याची मोकळीक मिळाली. मगधातील भातखाचरांच्या बांधांसारखी चीवराची शिवण आनंदाने बेतली, हेही विनयातच नोंदलेले आहे. राजा उदयनाने आनंदाला विचारले होते की, एवढ्या वस्त्रांचे तुम्ही काय करता? त्यावर जुन्या चीवराची अंथरुणावरची चादर होते, ती जीर्ण झाली की बिछायत, मग पायपुसणे, मग झाडण्याचा फडका आणि अखेरीस चिखलात कालवून जमीन-भिंत लिंपण्यास उपयोग, असा क्रम आनंदाने सांगितला.

या कथांचा अर्थ काटकसर एवढाच नाही. समाज ज्याला अपवित्र म्हणून टाकतो, ते संघाने अंगावर धारण केले, आणि राजपुत्र व हीनकुलीन म्हणवले गेलेले सर्वच भिक्खू सारख्याच ठिगळांत वावरले. पांसुकूल एका जातीच्या माथी मारलेले नव्हते, ते स्वेच्छेने स्वीकारलेले होते. गावगाड्यातील वाख आणि संघातील पांसुकूल यांत हाच मूलभूत फरक आहे. वस्तू टाकाऊ असणे यात लाज नाही. ती उचलण्याचे काम जन्मावरून ठरणे, यात अन्याय आहे.

तुटलेला धागा आणि १९२८ चा संप

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ साली झाली. पुढच्या काही दशकांत कोकण, देश आणि विदर्भातून लाखो माणसे गिरणगावात आली. यंत्राला जात कळत नाही, असे आपण म्हणतो. गिरणीतील माणसांना मात्र ती कळत होती. अस्पृश्य कामगारांना रिंग खात्यात काम मिळे. साचा खात्यात, म्हणजे विणकामात, त्यांना प्रवेश नव्हता, आणि अधिक मजुरी तेथेच होती. कारण असे सांगितले जाई की, धोट्यात नवी कांडी भरताना धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार?

पूर्वी घरच्या मागावर ज्यांनी कापड विणले, त्यांच्या मुलांना गिरणीत विणकाम नाकारले गेले. १९२८ च्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार महिनोन्महिने संपावर होते. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांपुढे हा प्रश्न उघडपणे मांडला आणि अस्पृश्य कामगारांना साचा खात्यात प्रवेश मिळावा ही मागणी लावून धरली. मजुरी वाढली पाहिजे हे खरेच, पण ती वाढ ज्या खात्यात आहे त्याचे दारच बंद असेल तर वाढीचा उपयोग कोणाला, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. पुढे १९३६ मध्ये 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे.

आता मावशींच्या प्रश्नाकडे पुन्हा पाहता येते. तीच दोरी, तोच वाख. मग फरक कोठे आहे? फरक मुभेत, मोबदल्यात आणि दारात आहे. हे काम करायचे की नाही हे मी ठरवणार का? त्याचा दाम मला माझ्या हक्काने मिळणार का? आणि खरवडण्यापासून विणण्यापर्यंत, प्रयोगशाळेपासून विक्रीपर्यंत सर्व खात्यांची दारे मला उघडी आहेत का? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर तो उद्योग. एकाचेही नकारार्थी असेल तर ते नव्या नावाचे बलुते.

आजची स्थिती आणि सावधगिरी

संशोधन आपल्या जवळच उपलब्ध आहे. मुंबईत माटुंगा येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासून काम करीत आहे, आणि कापसाबरोबरच केळी, अननस यांसारख्या तंतूंवरही तिने संशोधन केले आहे. तमिळनाडूत चेन्नईजवळच्या अनकापुथूर येथील विणकर केळीच्या व इतर नैसर्गिक धाग्यांच्या साड्या हातमागावर विणतात. कोकण-गोव्यात फुलांचे गजरे केळीच्या सोपटाच्या धाग्याने ओवण्याची रीत तर आपण पाहिलेलीच आहे.

जगाकडे पाहिले तर जपानच्या ओकिनावा बेटावरील किजोका गावात केळीच्याच एका जातीच्या धाग्यापासून 'बाशोफु' नावाचे कापड विणतात. महायुद्धात उद्ध्वस्त झालेली ही कला तेथील स्त्रियांनी पुन्हा उभी केली आणि १९७४ मध्ये जपानने तिला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. फिलिपिन्समध्ये अबाका ही केळीची जात खास तंतूसाठी लावतात. जहाजांचे सुप्रसिद्ध मनिला दोर तिचेच. मात्र या दोन्ही ठिकाणी झाड धाग्यासाठीच वाढवतात, आपल्याकडे फळ घेऊन उरलेले खोड वापरायचे आहे. म्हणून त्यांच्याकडून कसब शिकावे, हिशेब मात्र आपला स्वतंत्र मांडावा.

त्या हिशेबात काही सावधगिरीच्या बाबी आहेत. पहिली, यंत्र विकणारे जी मिळकत सांगतात ती धागा विकला जाईल असे गृहीत धरून सांगतात. खरेदीदार ठरल्यावाचून कर्ज काढून यंत्र घेऊ नये. दुसरी, खोडाची वाहतूक परवडत नाही, म्हणून धागा बागेजवळच काढला पाहिजे. तिसरी, केळीच्या धाग्याचे म्हणून विकले जाणारे मऊ रेशमी कापड खरोखर तसे आहे का, याची खात्री करावी. बाजारात बांबूचे म्हणून जे मऊ कापड मिळते, ते बहुधा बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून केलेले व्हिस्कोज असते. त्या प्रक्रियेतील कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या प्रकृतीला घातक आहे. झाडापासून आले म्हणजे निर्दोष, असे नसते.

आणि धागा कापडाच्या दर्जाचा निघाला नाही तरी निराश होण्याचे कारण नाही. त्याच्या चटया, पिशव्या, दोर होतात. अगदी आखूड तंतूंचा कागद होतो. आपल्या शिवाजीनगरातील हातकागद संस्था १९४० पासून सुती चिंध्यांचा कागद बनवीत आली आहे. तिची एक भेट दहा पाठांइतके शिकवून जाते.

मोल कोणाच्या पदरात?

आज खोड हा कचरा आहे, तोवर ते उचलणे हे मजुराचे काम आहे. उद्या त्याला भाव आला, की ते बागायतदाराची मालमत्ता होईल. मजुराला पूर्वी खोड बाहेर टाकण्याची मजुरी मिळे, आता ते यंत्रापर्यंत नेण्याची मिळेल, आणि सदऱ्यावरचे डाग तेच राहतील. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ही भीती निराधार वाटत नाही. टाकाऊ गोष्टीला मोल आले की ती उचलणारा हात बाजूला पडतो, हे पुण्यातील कचरावेचक भगिनींनीही अनुभवले आहे, आणि संघटित होऊन त्याला उत्तरही दिले आहे.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये कामगारांना निर्वाहाइतकी मजुरी मिळावी आणि ग्रामीण भागात वैयक्तिक वा सहकारी तत्त्वावर कुटिरोद्योग वाढावेत, असे निर्देशक तत्त्व आहे. या दोन गोष्टी एकाच अनुच्छेदात आहेत, याकडे मी वर्गात नेहमी लक्ष वेधतो. मजुरीविना कुटिरोद्योग म्हणजे जुना गावगाडाच. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गोडव्यांना का विरोध केला, हे अशा वेळी समजते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्यापैकी कोणी रसायनशास्त्र शिकले आहे, कोणी बँकेत आहे, कोणी सहकार खात्यात, कोणी वकिली करतात, कोणी कापड व्यवसायात आहेत. केळीच्या पट्ट्यातील शेतमजूर स्त्रियांची एखादी सहकारी संस्था उभी राहणार असेल, तर तिला यंत्राहून अधिक गरज या ज्ञानाची आहे. खोडावर हक्क कोणाचा याचा बागायतदाराशी लेखी करार, धाग्याची प्रतवारी, विक्रीची हमी, हिशेबाची वही. ही कामे आपली मुले करू शकतात. पालकांना विनंती अशी की, मुलाच्या शिक्षणात हाताच्या कामाला कमी लेखू नये, आणि हाताच्या कामासाठी शिक्षण सोडायलाही लावू नये.

मावशींनी वळलेली ती हातभर दोरी आम्ही प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे. मुलांनी तिच्यावर प्रथम 'टाकाऊपासून टिकाऊ' अशी चिठ्ठी लावली होती. मी ती काढून दुसरी लिहायला सांगितली. आता त्या चिठ्ठीवर तंतूचे नाव आहे, काढण्याची पद्धत आहे, तारीख आहे, आणि 'शिकवणाऱ्या' या शब्दापुढे मावशींचे पूर्ण नाव आहे. त्यांनी ते वाचून घेतले. त्यांची नात आपल्या शाळेत सातवीत आहे, तिनेच ते वाचून दाखवले. मावशींच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून दिलेले नाही, याची जाणीव मला आहे. ते एका शिक्षकाने देण्याजोगे नाही, आपण सर्वांनी मिळून द्यावयाचे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!